सुशिक्षित प्रौढ स्त्रिया व त्यांची बेकारी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची व देवाचे उपकार मोजण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. ह्या 50 वर्षांत आपल्या धर्मग्रामांतून किती धर्मगुरु निघाले, किती मुलींनीं व्रतस्थ जीवन पत्करिलें, मंदिराचें बांधकाम केव्हां पुरें झालें, हें सर्व स्मरणिकेंत यथास्थित नमूद होईल. पदवीधरांची यादीहि येईल, आणि तींत मुलींचीं नांवें मुलांपेक्षां कमी नाहींत हें पाहून आपणांस अभिमान वाटेल. परंतु त्या यादींतील ज्या भगिनी आज पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांपैकीं कितीजणी आपल्या विद्येचें काम करीत आहेत, असा रकाना कोणत्याहि स्मरणिकेंत नसतो. तो भरावयास बसलों तर पुष्कळ जागा कोरी राहील. त्या कोऱ्या जागेविषयीं चार शब्द बोलण्याची परवानगी मीं मागितली, आणि आनंदाच्या दिवशीं असला विषय कशाला, असें न म्हणतां चालकांनीं ती दिली, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहें.

मी कोणाविषयीं बोलत आहें, तें आधीं स्पष्ट करितें. एम्.ए., एम्.एस्सी., बी.एड्., क्वचित् पीएच्.डी. झालेली, लग्नापूर्वी व लग्नानंतरहि कांहीं वर्षें शाळेंत, महाविद्यालयांत, प्रयोगशाळेंत किंवा कचेरींत काम केलेली स्त्री डोळ्यांपुढें आणा. पहिल्या मुलाच्या वेळीं तिनें नोकरी कशीबशी सांभाळिली. दुसऱ्याच्या वेळीं सासूबाई अंथरुणावर. नवरा आखातांत किंवा जहाजावर. पहांटे उठून स्वयंपाक करावयाचा, विरारहून सुटलेल्या व वसईला येण्यापूर्वीच भरून गेलेल्या गाडींत शिरावयाचें, आणि दिवेलागणीनंतर परत यावयाचें, हा क्रम कांहीं काळ चालला व एके दिवशीं राजीनामा गेला. घरांत कोणीं जुलूम केला असें नाहीं. उलट सर्वांनीं तिचें कौतुकच केलें. पंधरा वर्षें गेलीं. मुलें मोठीं झालीं, वडीलधाऱ्या माणसांस मूठमाती दिली, आणि आज ती 47 वर्षांची आहे. प्रकृति उत्तम, बुद्धि शाबूत, हाताशीं वेळ, आणि काम करण्याची मनापासून इच्छा. ती अर्ज करूं लागते. आणि मग तिला कळतें, कीं ज्या दारांतून आपण बाहेर पडलों तें आंतून लागलेलें आहे.

अविवाहित राहून वृद्ध आईबापांची सेवा केलेल्या भगिनींची गतहि ह्याहून निराळी नाहीं. विधवांची तर अधिकच बिकट.

अशा स्त्रियांची गणना बेकारांत होत असेल, असें कोणास वाटत असल्यास तो भ्रम आहे. सरकारी पाहणींत बेकार तोच, जो काम शोधीत आहे किंवा कामास तयार असल्याचें सांगतो, आणि ज्याला तें मिळत नाहीं. जिनें वीस अर्ज केले, एकाहि अर्जाचें उत्तर आलें नाहीं, आणि म्हणून जी काम मागेनाशी झाली व कामाची इच्छाहि सांगेनाशी झाली, ती बेकार नव्हे. ती 'घरकाम करणारी' म्हणून श्रमिकवर्गाच्या बाहेर मांडिली जाते. म्हणजे निराश होतांच ती गणतींतूनहि नाहींशी होते. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणें 15 वर्षांवरील स्त्रियांपैकीं 2017-18 सालीं शेंकडा 23.3 स्त्रिया श्रमबलांत होत्या, त्या 2023-24 सालीं शेंकडा 41.7 झाल्या. ही वाढ आनंदाची आहे. परंतु तिचा मोठा भाग खेड्यापाड्यांतून घरच्या शेतींत व घरच्या धंद्यांत राबणाऱ्या स्त्रियांचा आहे, आणि त्यांपैकीं अनेकींच्या हातीं मजुरी म्हणून कांहींच पडत नाहीं. तेव्हां ह्या आंकड्यावरून शिकलेल्या प्रौढ स्त्रीची स्थिति सुधारली, असें अनुमान काढणें धाडसाचें होईल.

आतां तें दार कसें लागलेलें असतें तें पाहूं. सरकारी नोकरीस वयाची अट आहे. महाराष्ट्र सरकारनें 2016 सालीं सर्वसाधारण उमेदवारांची मर्यादा 33 वरून 38 केली, व मागासवर्गीयांची 38 वरून 43. ज्या वयांत घरच्या जबाबदाऱ्या हलक्या होऊं लागतात, नेमक्या त्याच वयांत ही मर्यादा ओलांडिली जाते. महाविद्यालयांतील साहाय्यक प्राध्यापकाच्या पात्रता-परीक्षेस वयाची वरची मर्यादा नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते व ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. परंतु परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर जागा कोठें आहे? कायम जागांची भरती वर्षानुवर्षें तुंबलेली, आणि तोंपर्यंत काम चालतें तें तासिका तत्त्वावर. जितके तास शिकवाल तितक्यांचे पैसे; सुटींत कांहीं नाहीं; पुढील वर्षीं बोलावतील कीं नाहीं ह्याची शाश्वती नाहीं. पीएच्.डी. झालेली बाई वयाच्या पन्नासाव्या वर्षीं तासावारीनें शिकवीत आहे, हें दृश्य आपल्या जिल्ह्यांत दुर्मिळ नव्हे.

खासगी कचेऱ्यांत तर लिखित नियम नसतो, म्हणून त्याविरुद्ध तक्रारहि करितां येत नाहीं. तेथें गोड उत्तरें मिळतात. आपण ह्या कामाला फार शिकलेल्या आहांत, असें एक उत्तर. आमच्याकडे सगळीं मुलें तरुण आहेत, आपणांस अवघडल्यासारखें होईल, असें दुसरें. मधलीं पंधरा वर्षें आपण काय केलें, हा प्रश्न मात्र सर्वत्र ठरलेला. तिनें काय केलें? दोन मुलांस पदवीपर्यंत नेलें, एका पक्षाघात झालेल्या माणसास सात वर्षें उठविलें-बसविलें, घराचा हिशेब पैशापैशापर्यंत जुळविला, बांधकामाच्या कंत्राटदाराशीं व दवाखान्याशीं व बँकेशीं एकटीनें व्यवहार केला. पण अर्जांत ह्यांतील एक ओळहि घालण्याची सोय नाहीं. तेथें लिहावें लागतें 'खंड'. हा शब्द कोणीं काढिला, न कळे. बहुधा ज्यानें कधीं आजाऱ्याची चादर बदलिली नाहीं अशा कोणीं.

पैशाचा भाग राहिलाच. 1995 सालच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेप्रमाणें मासिक वेतन मिळण्यास निदान 10 वर्षांची सेवा भरावी लागते. आठव्या किंवा नवव्या वर्षीं ज्या स्त्रीनें राजीनामा दिला, तिला त्या वेळीं हा हिशेब कोणीं समजावून सांगितला होता काय? साचलेली रक्कम काढून घेतली, तिचें छप्पर झालें किंवा मुलाची फी भरली गेली, आणि म्हातारपणाचें वेतन गेलें तें गेलेंच. येथें बसलेल्या तरुण मुलींना माझी विनंति आहे, कीं राजीनामा देण्यापूर्वी आपल्या सेवेचे महिने मोजा.

आपल्या ह्या भगिनींना पुष्कळदां वाटतें, कीं दोष आपलाच. आपणच मागें पडलों. तसें नाहीं, ह्याला बाहेरचा पुरावा आहे. अमेरिकेंत 1967 पासून 40 वर्षांवरील माणसांस वयामुळें नोकरी नाकारणें हें कायद्यानें निषिद्ध आहे. तरी तेथील कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं 12 शहरांतील जाहिरातींना 40,000 हून अधिक बनावट अर्ज पाठवून पाहिले. उमेदवारांची लायकी सारखी. फरक एवढाच, कीं कोणी 30 च्या सुमाराचा, कोणी 50 च्या, कोणी 65 च्या. 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या शोधाचा निष्कर्ष असा, कीं वय वाढलें तशीं बोलावणीं घटलीं, आणि हा फटका पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक स्पष्टपणें बसला. तीं कामें कचेरींतील व दुकानांतील साधीं होतीं, प्राध्यापकीचीं नव्हतीं, हें खरें. परंतु साध्या कामासहि जिचें वय आड येतें, तिची मोठ्या कामाच्या दारीं काय कथा! आणि कायदा असून जर ही अवस्था, तर जेथें कायदाच नाहीं तेथें काय? आपल्या घटनेच्या 16 व्या कलमानें सरकारी नोकरींत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादि कारणांवरून भेद करण्यास मनाई केली आहे. त्या यादींत वय नाहीं.

ह्या समजुतीचीं मुळें जुनीं आहेत. मुंबईंतील एका औषधांच्या कारखान्यांत बांधणीच्या खात्यांतील मुलीनें लग्न केलें कीं तिची नोकरी संपली, असा नियम होता. लग्न झालेल्या बाया गैरहजर फार राहतात, असें समर्थन केलें गेलें. सर्वोच्च न्यायालयानें 1965 सालीं तो नियम रद्द ठरविला. विमानांतील परिचारिका पहिल्यांदा गरोदर राहतांच तिला घरीं पाठविण्याचा नियम 1981 पर्यंत टिकला होता. तोहि त्याच न्यायालयानें मोडला. आणि हे दोष केवळ इतरांचे, असें समजून आपण निश्चिंत होऊं नये. आयर्लंडसारख्या निष्ठावंत कॅथॉलिक देशांत, जेथून आपल्याकडे इतके मिशनरी व इतक्या धर्मभगिनी आल्या, तेथें प्राथमिक शिक्षिकेनें लग्न केल्यास राजीनामा द्यावा हा नियम 1958 पर्यंत होता, आणि सरकारी कचेऱ्यांत तो 1973 पर्यंत राहिला. नियम कागदावरून खोडले गेले. माणसांच्या मनांत त्यांची शाई अद्याप वाळावयाची आहे.

आपल्याच महाराष्ट्रांत जन्मलेल्या एका ख्रिस्ती बाईंचें चरित्र मला ह्या संदर्भांत फार बोलकें वाटतें. त्या कॅथॉलिक नव्हत्या, पण त्यामुळें कांहीं बिघडत नाहीं. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म 1866 सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. परीक्षेंत त्यांनीं असें यश मिळविलें, कीं पुरुष असत्या तर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांची झाली असती. स्त्री म्हणून ती नाकारिली गेली. विलायतेंतील कांहीं सहृदय लोकांनीं वर्गणी जमवून त्यांना ऑक्सफर्डला नेलें. तेथें 1892 सालीं त्या कायद्याची उच्च परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु ऑक्सफर्ड त्या काळीं स्त्रियांना परीक्षेस बसूं देत असे, पदवी देत नसे. ती पदवी त्यांच्या हातीं पडली 1922 सालीं, म्हणजे पुरत्या 30 वर्षांनीं.

ह्या मधल्या काळांत त्या स्वस्थ बसल्या नाहींत. वकिलीची सनद नाहीं, तर सनदेवांचून जें करितां येईल तें त्यांनीं केलें. 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्डस् खात्यांत राहून पडद्यांतील जमीनदार स्त्रियांच्या मिळकतींचें रक्षण केलें. ज्या स्त्रियांना पुरुष वकिलासमोर येतां येत नव्हतें, त्यांच्या जनानखान्यांत ह्या गेल्या. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा हिंदुस्थानांत 1923 सालीं झाला, तेव्हां त्यांचें वय 56 होतें. आणि त्या वयांत त्यांनीं कलकत्त्यास वकिली सुरूं केली. पुष्कळ लोक ही कथा चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला तींत दुसरेंच कांहीं दिसतें. एवढी विद्या, एवढी कुवत, आणि तिच्यापुढें ऐन उमेदीचीं तीस वर्षें बंद ठेविलेलें दार. हें नुकसान कोणाचें झालें? बाईंचें तर झालेंच, पण ज्या हजारों अशिलांना त्या उभ्या राहून न्याय मिळवून देऊं शकल्या असत्या त्यांचें अधिक झालें.

प्रभु येशूनें सांगितलेला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. बहुधा प्रवचनांत भर पडतो तो शेवटीं आलेल्यांना मिळालेल्या पूर्ण मजुरीवर, आणि देवाच्या औदार्यावर. तो अर्थ योग्यच आहे. परंतु दिवस कलतांना धनी बाजारांत जातो, तेव्हां तेथें उभ्या असलेल्यांशीं त्याचें जें बोलणें होतें तें जरा निरखून पाहा. तो विचारतो, तुम्हीं दिवसभर रिकामे कां? आणि ते सांगतात, कीं आम्हांला कोणीं कामावर घेतलेंच नाहीं. धनी त्यांना आळशी म्हणत नाहीं. सकाळीं कोठें होतां, मधल्या तासांचा हिशेब द्या, असेंहि विचारीत नाहीं. आतां एकच तास उरला आहे, तुमचा काय उपयोग, हेंहि त्याच्या तोंडून निघत नाहीं. तो त्यांना मळ्यांत पाठवितो, आणि संध्याकाळीं मजुरी देतो. मजुरी देतो, ह्या शब्दांकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितें, कारण पुढें मला जें म्हणावयाचें आहे तें ह्यावरच उभें आहे.

संत पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं 1981 सालीं मानवी श्रमाविषयीं जें परिपत्रक काढिलें, त्यांत बेकारी ही सर्व प्रसंगीं अनिष्टच होय असें म्हटलें आहे. सुशिक्षितांच्या बेकारीचाहि त्यांत निर्देश आहे. आणि मुलांच्या संगोपनासाठीं वेळ देणाऱ्या आईला इतर स्त्रियांच्या मानानें त्याची शिक्षा भोगावी लागूं नये, असेंहि स्पष्ट सांगितलें आहे. मातृत्वाची थोरवी आपण दरवर्षीं गातों. शिक्षेचें काय करितों?

येथें मला आपल्याच घराकडे वळणें भाग आहे. आपल्या धर्मग्रामांत धर्मशिक्षणाचे वर्ग कोण चालवितें? गायनवृंद कोण बसवितें? सणाच्या वर्गणीचा हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नापूर्वीच्या शिबिरांतील व्याख्यानें, गरीब मुलांच्या शिकवण्या? बहुतांशीं ह्याच भगिनी. आणि त्या हें आनंदानें करितात. सेवा ही सेवाच राहावी; तिचा बाजार मांडा, असें मी म्हणत नाहीं. परंतु पदवीधर शिक्षिका रविवारीं विनामूल्य शिकविते, ती सोमवारीं शाळेंत जागा आहे काय म्हणून विचारावयास गेली कीं तिला वय झालें असें सांगतात, ही विसंगति कोणाच्या लक्षांत येत नाहीं काय? विनामूल्य कामास जिचें वय आड येत नाहीं, तिचें वय पगाराच्या कामासच कसें आड येतें? शिवाय दहा वर्षें सभेचा हिशेब चोख ठेविणाऱ्या बाईला आपण शाल व श्रीफळ देतों, टाळ्या वाजवितों, पण अमुक काम अमुक काळ उत्तम केलें असा सहीशिक्क्याचा साधा दाखला देत नाहीं. त्या दाखल्याला कांहीं खर्च येत नाहीं. त्यानें 'खंड' ह्या शब्दाच्या जागीं एक खरी ओळ लिहितां येईल.

कोणी म्हणतील, तरुण मुलें बेकार हिंडत असतांना पन्नाशीच्या बायांना काम कशाला? मी ह्या प्रश्नाचा अव्हेर करीत नाहीं. ज्या घरीं तरणाताठा मुलगा रिकामा बसला आहे त्या घरची काळजी मला कळते. परंतु काम म्हणजे ठरलेल्या संख्येच्या पंगतीचीं पानें नव्हेत, कीं एक उठल्याशिवाय दुसऱ्यास जागा नाहीं. अनुभवी शिक्षिका असलेल्या शाळेंत मुलें टिकतात, तुकड्या वाढतात. हिशेब जाणणारी बाई असलेला लहान धंदा वाढतो व आणखी दोघांस कामावर घेतो. आणि नवरा मिळवितो आहे, तिला काय कमी, असें म्हणणाऱ्यांस मी एवढेंच विचारीन, कीं नवरा किती वर्षें मिळविणार आहे व किती वर्षें जगणार आहे, हें लेखी देण्यास ते तयार आहेत काय? आपल्या दफनभूमींतील दगडांवरचीं वयें वाचून पाहावीं. तीं कांहीं अगदीं वेगळें सांगतात.

मग करावयाचें काय? सरकारकडे मागणें हें एक. विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें 2002-03 पासून खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठीं योजना काढिली, त्यावरून एवढें तरी ठरलें, कीं मनांत आणिल्यास सरकारला हें दिसतें. तशीच सोय शिक्षिकांसाठीं, परिचारिकांसाठीं, कायदा शिकलेल्यांसाठीं कां नसावी? परंतु सरकारची वाट पाहत बसणें ही आपल्या पूर्वजांची रीत नव्हती. सावकाराच्या व्याजाखालीं वसईचा बागायतदार पिचत होता, तेव्हां 1918 सालीं आपल्याच लोकांनीं थोडथोडें भांडवल गोळा करून सहकारी पतपेढी काढिली, आणि तिचीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. ज्या समाजानें कर्जाचा प्रश्न असा सोडविला, त्याला चाळीस-पन्नास शिकलेल्या स्त्रियांच्या कामाचा प्रश्न सोडवितां येऊं नये, हें मला पटत नाहीं. ह्याच भगिनींची एक सहकारी मंडळी स्थापन होऊं शकेल. लहान दुकानदारांचे हिशेब व कर भरण्याचें काम, भाषांतरें, परीक्षांच्या शिकवण्या, वृद्धांचीं सरकारी कागदपत्रें, अशीं कामें ती दरानें घेईल. आपल्या शाळांच्या चालकांनीं जेथें कायदा वयाची अट घालीत नाहीं तेथें आपण होऊन ती घालूं नये. अर्ध्या दिवसाच्या जागा निर्माण कराव्या, पण पगार अर्ध्या दिवसाचा पुरा द्यावा. आणि घरचे पुरुष? आजाऱ्याजवळ बसण्याची पाळी त्यांनींहि घ्यावी. ह्यावर अधिक बोलण्याची आवश्यकता नाहीं. ते येथें पुष्कळ बसले आहेत व त्यांना समजलें आहे.

संत तेरेजा आविलाकर ह्यांनीं 1562 सालीं आपला पहिला सुधारित मठ स्थापिला, तेव्हां त्या 47 वर्षांच्या होत्या, आणि पुढें वीस वर्षांत बैलगाड्यांतून व खेंचरांवरून फिरून त्यांनीं आणखी मठ उभारिले. 47 हा आंकडा मघां मीं उगाच घेतला नव्हता.

असो. वेळ संपत आली आहे. ह्या सभागृहाच्या दाराशीं आज एक वही ठेविली आहे. 40 वर्षांवरील ज्या भगिनींना काम हवें आहे, त्यांनीं आपलें नांव, शिक्षण, पूर्वी केलेलें काम, घरीं राहून केलेलें काम, आणि दिवसांतून किती तास देतां येतील, एवढें तींत लिहावें. नांव लिहिण्यांत कमीपणा मानूं नये. ज्या बंधूंचीं दुकानें, कारखाने, दवाखाने वा कचेऱ्या आहेत, व जे शाळांच्या व्यवस्थापनांत आहेत, त्यांनीं त्याच वहीच्या मागील पानांपासून आपल्याकडील जागा व पगार लिहावा. पगार आकड्यांत लिहावा. पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही चौघीजणी बसून दोन्ही बाजू ताडून पाहणार आहों.